टेबल देऊ, स्टायपेंड नाही

प्रश्न : मी विद्यापीठात शिकवते. माझ्या लॅबमध्ये सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर, म्हणजे धन टोकाच्या पदार्थावर, काम चालतं. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या विद्यार्थिनीला एका बॅटरी कंपनीने सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी बोलावलंय, थेट पायलट लाइनवर, म्हणजे चाचणी-उत्पादनाच्या यंत्रांवर. ती हरखून गेली आहे. पण कंपनी म्हणते, टेबल देऊ, मशीनवर काम करू देऊ, शिकायला भरपूर मिळेल. स्टायपेंडचं मात्र विचारू नका. आमचा वित्त विभाग सांगतो, ती इथे हजर नसेल तर त्या काळातली फेलोशिप बंद. माझ्या प्रकल्पाच्या अनुदानात असल्या खर्चाला हेडच (खर्चाचं खातंच) नाही. ती म्हणते, 'मॅडम, मी घरून पैसे आणते.' ते मला पटत नाही. माझ्या पगारातून दरमहा काही द्यावं असं मनात घोळतंय. आणि खरं सांगू का? ती गेली की माझा प्रकल्प सहा महिने अडणार, आणि कंपनीने नोकरी देऊ केली तर ती परत येईल याची खात्री नाही. काय करू?
— एक गाइड

उत्तर :

पगारातून पैसे देऊ नका. एवढं आधी ठरवून टाका, मग बाकीचं बोलू. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण जिच्या सहीवर आपला प्रबंध पुढे सरकतो तिच्याच खिशातून आपलं खोलीभाडं जातंय, हे ओझं डोक्यावर घेऊन कुठलीही मुलगी मोकळेपणाने वागू शकत नाही. उद्या तिला कंपनीतून लवकर परतावंसं वाटलं, किंवा तुमच्या एखाद्या सूचनेला 'नाही' म्हणावंसं वाटलं, तर तिची जीभ रेटेल का? पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी असंच बोलावणं घेऊन आला तर त्यालाही देणार का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तुम्ही खिशात हात घातलात की कंपनी आणि विद्यापीठ दोघांच्या लेखी प्रश्न मिटला. पुन्हा कुणी त्यावर बोलणार नाही.

तिच्या घरच्या पैशांचंही तेच. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचा हा प्रकार संशोधनात इतका अंगवळणी पडलाय की त्याला 'अनुभव' असं गोंडस नाव मिळालंय. बिनपगारी इंटर्नशिपचा खर्च कुणीच करत नाही असं नसतं. तो मुलीचे आईवडील करतात, नाहीतर मुलगा उसनवारी करून करतो. तुमच्या विद्यार्थिनीच्या घरून पैसे येऊ शकतात, म्हणून ती 'आणते' म्हणाली. फेलोशिपमधून घरी पैसे पाठवणाऱ्या एखाद्या मुलाला हेच बोलावणं आलं असतं, तर त्याने तो ईमेल वाचून गुपचूप मिटवला असता आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता.

आता हिशेब मांडू. प्रत्येक ठिकाणचे आकडे वेगळे, म्हणून तिच्या एका महिन्याच्या फेलोशिपला 'एक माप' म्हणू. सहा महिन्यांची सहा मापं लागणार हे उघड आहे. पण बहुतेक गाइड इथेच थांबतात, आणि हिशेब नेमका इथेच चुकतो. सहा महिन्यांसाठी जाणारी मुलगी इथली खोली सोडत नाही; सामान, अनामत, परतल्यावर पुन्हा खोली शोधण्याचा ताप, अशी कारणं असतात. म्हणजे भाडं दोन ठिकाणी. भाड्यात मापाचा तिसरा हिस्सा जात असेल तर नुसत्या दुसऱ्या खोलीचीच दोन मापं झाली. जाण्यायेण्याचा प्रवास, विमा, मधे एकदा प्रबंधाच्या समितीपुढे हजर राहण्यासाठीची फेरी, हे सगळं धरून आणखी एक माप. एकूण नऊ. फेलोशिप चालू राहिली तरी तिच्या पदरचं तीन महिन्यांचं उत्पन्न खर्च होणार, आणि फेलोशिप थांबली तर सगळीच्या सगळी नऊ मापं. कंपनीशी बोलायला बसाल तेव्हा 'काहीतरी स्टायपेंड द्या' म्हणू नका. हा नऊ मापांचा कागद पुढे ठेवा. मोघम मागणीला मोघम नकार मिळतो. कागदावरच्या ओळींपैकी एखादी तरी ओळ माणूस उचलतो.

कंपनीचा 'नाही' हा शेवटचा शब्द आहे असं तुम्ही धरून चाललात, इथे माझा तुमच्याशी मतभेद आहे. तुमच्या विद्यार्थिनीला बोलावलं कुणी? बहुधा एखाद्या परिषदेत तिचं पोस्टर पाहिलेल्या इंजिनिअरने. त्याला ती हवी आहे, पण त्याच्या हातात बजेट नाही, म्हणून त्याने हातात आहे ते दिलं : टेबल. बजेट असतं त्याच्या वरच्या माणसाकडे, आणि त्या माणसापर्यंत तुमचा प्रश्न अजून गेलेलाच नाही. भीड ही भिकेची बहीण, असं आपण म्हणतो. प्राध्यापक मंडळी अनुदानासाठी शंभर पानं लिहितील, पण कंपनीला फोन करून 'पैसे कोण मंजूर करतं?' एवढं विचारायला त्यांना संकोच वाटतो. विचारा. आर्थिक वर्षाच्या कुठल्या महिन्यात विचारताय यानेही फरक पडतो. पुढच्या वर्षाचं बजेट ठरत असताना नऊ मापं ही किरकोळ ओळ असते. ते ठरून गेल्यावर तीच ओळ डोंगराएवढी होते.

आणि विचारताना आपण उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका. तुमच्या क्षेत्रातलंच उदाहरण घ्या. सोडियमच्या थरदार ऑक्साइडला, म्हणजे तुमच्या कॅथोडच्या पावडरीला, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड सोसत नाही. कणांच्या पृष्ठभागावर सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट तयार होतं. लॅबमध्ये हे फारसं जाणवत नाही. दोन ग्रॅम पावडर, चिमूटभर कार्बन, पीव्हीडीएफचा बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ), सगळं खलात घोटलं, ब्लेडने ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरवलं, दहा मिनिटांत काम संपलं. फॉइल सुकली की त्यातून नाण्याएवढ्या चकत्या कापायच्या आणि ग्लोव्ह बॉक्स या हवाबंद पेटीत कॉइन सेल (बटणाएवढे चाचणी-घट) बंद करायचे. पायलट लाइनवर तीच स्लरी, म्हणजे पावडरीचं हे पातळ मिश्रण, टाकीत तासन्तास फिरत राहते. त्या वेळात पृष्ठभागावरचा अल्कली (तेच हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट) बाइंडरला पोखरतो आणि टाकीतला पातळ काळा द्रव जेलीसारखा थिजायला लागतो. कोटिंग करणाऱ्या मशीनच्या फटीतून तो नीट उतरत नाही, फॉइलवर रेघा उठतात, लाइन थांबवून टाकी खरवडावी लागते. हे कशामुळे होतं आणि पावडर बनवताना कुठल्या पायरीवर आवरता येतं, हे ठाऊक असलेलं माणूस कंपनीला सहजासहजी मिळत नाही. तुमची विद्यार्थिनी गेली दोन-तीन वर्षं हीच पावडर भाजतेय. बाहेरचा सल्लागार आणून कंपनीने हाच प्रश्न सोडवायला घेतला तर त्याचं एका आठवड्याचं बिल किती होईल, याचा अंदाज त्यांच्या खरेदी विभागाला तुमच्यापेक्षा चांगला आहे.

व्यवहार हा असा दुहेरी आहे, म्हणून जगातल्या चालत्या योजना खर्चही वाटून घेतात. कॅनडात मायटॅक्स या संस्थेची अ‍ॅक्सिलरेट योजना आहे : चार ते सहा महिन्यांचं एक युनिट, काही रक्कम कंपनीची, काही मायटॅक्सची, अर्ज विद्यार्थी, गाइड आणि कंपनी तिघांचा मिळून, आणि विद्यार्थ्याचा वेळही विद्यापीठ आणि कंपनी यांच्यात वाटलेला. ब्रिटनमध्ये इंडस्ट्रियल केस शिष्यवृत्तीत कंपनीला सरकारी रकमेच्या किमान एक तृतीयांश रोख रक्कम घालावी लागायची, आणि विद्यार्थ्याने पीएचडीच्या काळात कंपनीत किमान तीन महिने घालवायचे असायचे. युरोपात मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये एक तृतीयांशपर्यंत काळ दुसऱ्या संस्थेत काढता येतो. त्यातल्याच औद्योगिक डॉक्टरेटमध्ये किमान निम्मा काळ विद्यापीठाबाहेर जातो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची एससीजीएसआर योजना २०१४पासून पीएचडीच्या विद्यार्थ्यांना तीन ते बारा महिने राष्ट्रीय प्रयोगशाळेत पाठवते, आणि तिची रक्कम मुळात पूरक आहे, म्हणजे मी वर दुसऱ्या खोलीभाड्याचं जे रडगाणं गायलं तेच तिने मान्य केलंय. तिथल्याच राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या इंटर्न योजनेत गाइडने आपल्या चालू अनुदानावर पुरवणी रक्कम मागायची असते, तीही विद्यार्थ्याने विद्यापीठाबाहेर सहा महिन्यांपर्यंत राहण्यासाठी.

यांतल्या निम्म्याहून अधिक योजनांच्या पात्रतेत तुम्ही बसणार नाही. कुठे नागरिकत्वाची अट, कुठे कंपनी त्याच देशातली हवी. तरीही त्यांची नियमावली उघडून वाचा. अर्ज करण्यासाठी नाही, नक्कल करण्यासाठी. वर्षानुवर्षं भांडून, चुकून, सुधारून त्यांनी कलमं तयार केली आहेत. कंपनीला पाठवायच्या मसुद्यात ती तुमच्या शब्दांत उतरवली तर समोरच्याला वाटतं की ही जगन्मान्य पद्धत दिसतेय, आपल्याकडेच उशिरा आली.

वरच्या यादीतल्या शेवटच्या, इंटर्न योजनेतली एक गोष्ट तर तुम्हाला आजच करता येईल. 'अनुदानात हेड नाही' असं तुम्ही लिहिलंत. हेड नसतो तेव्हा तो मागायचा असतो. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला पत्र लिहा : प्रकल्पाच्या मूळ उद्दिष्टांपैकी अमुक उद्दिष्ट पायलट लाइनवर पडताळून पाहण्याची संधी आली आहे, उपकरणांच्या किंवा रसायनांच्या हेडमधली शिल्लक त्या कामाच्या प्रवास-निवासाकडे वळवायला परवानगी द्यावी, किंवा पुरवणी रक्कम द्यावी. पत्रात 'इंटर्नशिप' हा शब्द टाळता आला तर टाळा. तो ऐकला की अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रिंटरमध्ये कागद भरणारी पोरं येतात. 'औद्योगिक ठिकाणी संशोधनकार्य' म्हणा. तसंही ते तेच आहे.

वित्त विभागाकडेही तुम्ही चुकीचा प्रश्न घेऊन गेलात, असा माझा कयास आहे. 'विद्यार्थिनी सहा महिने रजेवर जाणार, फेलोशिप मिळेल का?' असं विचारलं तर नियम पाहून 'नाही' म्हणणं हेच त्यांचं काम आहे. ती रजेवर जातच नाहीये. ती प्रबंधाचं एक प्रकरण दुसऱ्या जागी बसून करणार आहे. तेव्हा आधी तिच्या संशोधन समितीकडून ठराव करून घ्या : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक विषयाचं काम, दर महिन्याला अहवाल, उपस्थितीची जबाबदारी गाइडची. तो ठराव जोडून वित्त विभागाला विचारा की बाहेरच्या ठिकाणी प्रतिनियुक्तीवर असलेल्या संशोधकाला फेलोशिप चालू ठेवायची रीत काय. विद्यार्थी समुद्रात नमुने गोळा करायला जातात, दुर्बिणीवर रात्री काढायला जातात, तेव्हा त्यांची फेलोशिप थांबत नाही ना? मग कोटिंग मशीनपाशी उभं राहिल्याने ती का थांबावी? जुनं एखादं उदाहरण त्यांच्याच फायलीत सापडलं तर सोन्याहून पिवळं. फेलोशिप चालू राहिली की कंपनीकडे मागायला फक्त तीन मापं उरतात, आणि ती कंपनीने थेट मुलीच्या हातात देण्यापेक्षा विद्यापीठाशी छोटा संशोधन करार करून तिथून दिलेली बरी. विद्यापीठ त्यावर ओव्हरहेड (प्रशासनाचा वाटा) कापणार, ते धरूनच आकडा सांगा, नाहीतर एकूण नऊची आठ होतील आणि फरक पुन्हा तिच्याच माथी येईल.

कराराचं बोलतेय तर एक कटकट आत्ताच निस्तरा. कंपनी गोपनीयतेचा कागद पुढे करेलच आणि त्यात गैर काही नाही. पण त्या कागदात तिचा प्रबंध कुठे बसतो ते पाहा. टाकीचं तापमान, मिश्रणाचं प्रमाण, पुरवठादाराचं नाव हे गुपित राहू दे. स्लरी का थिजते याचं रसायन प्रबंधात आलंच पाहिजे. प्रकाशनाआधी कंपनीला मजकूर तपासायला ठरावीक दिवस द्यायचे, त्या मुदतीत हरकत आली नाही तर संमती समजायची, आणि प्रबंध सादर करणं कुठल्याही कारणाने अडवता येणार नाही, ही तीन वाक्यं सहीआधी आत गेली पाहिजेत. सहीनंतर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. विद्यापीठाच्या पेटंट विभागाला हा मसुदा दाखवा. तिथे वेळ मारुतीच्या शेपटासारखा लांबतो, म्हणून आत्ताच पाठवा.

वेळेवरून माझं स्वतःचं आठवलं. पीएचडीत मी फ्युएल सेलवर (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटावर) काम करत होते आणि एका कंपनीत चार महिन्यांसाठी गेले. हायड्रोजनच्या लाइनजवळ जायला सुरक्षा प्रशिक्षण लागायचं. ते महिन्यातून एकदाच व्हायचं आणि मी पोचले त्याच्या आदल्या आठवड्यात होऊन गेलं होतं. मग ओळखपत्राची मंजुरी अडकली. पाच आठवडे मी कँटीनजवळच्या एका टेबलाशी बसून शोधनिबंध वाचले, जे मला माझ्या खोलीत बसून फुकट वाचता आले असते. दोन्हीकडचं भाडं चालूच होतं. कुणी वाईट वागलं नाही, सगळे अगदी अदबीने 'उद्या होईल' म्हणायचे. म्हणून सांगते : करारातली तारीख ती पोचल्याची धरू नका, तिला लाइनवर प्रवेश मिळाल्याची धरा. प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र यांतलं जेवढं दुरून उरकता येईल तेवढं निघण्याआधी उरकून घ्या.

समजा एवढं करूनही कंपनीने दमडी काढली नाही. तर सहा महिन्यांचा हट्ट सोडा. सहा आठवडे पाठवा. तेवढ्याचा प्रवास आणि खोली तुमच्या अनुदानाच्या प्रवास-हेडमध्येही कदाचित बसेल. एक कोटिंग मोहीम डोळ्यांनी पाहायला तेवढा वेळ पुरतो. उरलेल्या मोजमापांसाठी सार्वजनिक सुविधा पाहा. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफसारख्या सिंक्रोट्रॉनवर (पदार्थ तपासायला तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर), निकाल खुले प्रकाशित करणार असाल तर, प्रस्ताव मंजूर झाल्यावर बीमटाइमचे, म्हणजे ते यंत्र वापरण्याच्या वेळेचे, पैसे पडत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या वापरकर्ता-सुविधांचाही साधारण हाच रिवाज आहे. सौरऊर्जेत काम करणाऱ्यांना जर्मनीतल्या फ्रायबुर्गचं फ्राउनहोफर आयएसई, ही सौरऊर्जेची संशोधन संस्था, ठाऊक असतं. तशा उपयोजित संस्था कंपनी आणि लॅबच्या मधे उभ्या असतात, आणि विद्यार्थी घेणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा दबक्या आवाजात लिहिलेल्या भीतीकडे येते. ती परत आली नाही तर?

येणार नाही, असंही होऊ शकतं. त्यावर कुठलंही कलम चालत नाही आणि चालूही नये. पण ही भीती दोन वेगळ्या गोष्टींची मिळून झाली आहे. एक, प्रकल्पाचं काम अडणं. त्याला पैशाने उत्तर आहे : ती जाण्याआधी दोन महिने तिच्या हाताखाली दुसरा कुणी तयार व्हायला हवा, आणि त्या मदतनिसाचा अर्धवेळ पगार हीसुद्धा कंपनीपुढे ठेवायच्या कागदावरची एक ओळ आहे. तुमच्या लॅबचं होणारं नुकसान हा खराखुरा खर्च आहे, तो लपवू नका. दुसरी गोष्ट, हाताशी आलेलं माणूस हातचं जाणं. इथे मी तुम्हाला समजावणार नाही. ते दुखतंच. फक्त एवढं करा की प्रबंधाची पहिली दोन प्रकरणं ती निघण्याआधी लिहून पुरी होतील, आणि ती तिथे असताना आठवड्यातून एक तास तुमचा आणि तिचा फोन ठरलेला असेल. नोकरी मिळाली म्हणून पीएचडी अर्धवट सोडणाऱ्यांची मी जी उदाहरणं पाहिली, त्यांत बहुतेकांचं लिखाणच सुरू झालेलं नव्हतं.

आणि ती परतली तर काय घेऊन येईल तेही पाहा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१च्या नेट झिरो अहवालात म्हटलं होतं की २०५०मधली उत्सर्जनाची जवळपास निम्मी घट तेव्हा नमुना किंवा प्रात्यक्षिकाच्या टप्प्यावर असलेल्या तंत्रज्ञानातून यावी लागेल. २०२३च्या सुधारित आवृत्तीत हा वाटा सुमारे ३५ टक्क्यांवर आला. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिक पदार्थाचे सौरघट २००९मध्ये ३.८ टक्के कार्यक्षमतेवर होते, आता २५ टक्क्यांच्या वर गेलेत, पण ते विक्रम चौरस सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान तुकड्यांवरचे. मोठ्या काचेवर तोच थर एकसारखा उतरवणं हे निराळंच दुखणं आहे. कॉइन सेलमधली तुमची पावडर आणि टाकीतली जेली यांच्यामधलं अंतर याच जातीचं. ते चालून आलेला माणूस तुमच्या लॅबमध्ये परत बसला, तर पुढचे विद्यार्थी पावडर भाजतानाच 'टाकीत याचं काय होईल?' असं विचारतील. (हे आकडे कंपनीच्या पत्रात घालू नका. त्यांच्या सादरीकरणाच्या पहिल्याच स्लाइडवर ते असतात.)

कंपनीला पत्र छोटं पाठवा, साधारण असं : 'आमची विद्यार्थिनी सहा महिने तुमच्या लाइनवर स्लरी थिजण्याच्या प्रश्नावर काम करेल. तिची फेलोशिप विद्यापीठ चालू ठेवेल. निवास, प्रवास, विमा आणि लॅबमधला मदतनीस यांचा खर्च सोबतच्या तक्त्यात आहे. तो विद्यापीठाशी करार करून आपण द्यावा अशी विनंती. याची मंजुरी आपल्याकडे कोण देतं, ते कळवल्यास मी त्यांच्याशी थेट बोलेन.' बोलणी तुम्ही करा. तिला पैसे मागायला पुढे करू नका. पण तक्ता तिच्याकडूनच भरून घ्या, कारण खोलीचं भाडं, गाडीचं भाडं, तिथे पोचल्यावर लागणारे सुरक्षेचे बूट, हे तिला तुमच्यापेक्षा बारीक ठाऊक असतं.

त्या तक्त्यात नमुन्यांच्या वाहतुकीची एक ओळ राहून जाईल, ती आत्ताच घाला. लाइनवर दोन ग्रॅम चालत नाही, किलोने पावडर लागते, आणि ती ओलावा न लागता, आर्गॉन भरलेल्या बंद पिशव्यांतून पोचवावी लागते. कुरिअरवाले असल्या पार्सलचे जादा पैसे घेतात आणि कागदपत्रं वेगळी मागतात. मी माझ्या वेळी ही ओळ विसरले होते आणि फ्युएल सेलच्या मेम्ब्रेनचा (पातळ पडद्यांचा) डबा मांडीवर घेऊन रात्रभर बसने गेले होते.